दोन बोटं आखूड

मी रायफल बोलतेय. दचकू नका. माझी नळी रिकामी आहे आणि काडतूस आत ढकलणारा बोल्ट शेजारच्या खणात लोकरी मोज्यांखाली ठेवलेला आहे. तसंही माझ्याइतकी मितभाषी बाई या घरात दुसरी नाही. वर्षातून चार-दोनदा तोंड उघडते, तेही कुणी उघडायला लावलं तर.

माझा जन्म बर्नच्या कारखान्यात झाला. माझ्याआधीच्या बहिणींना अक्रोडाच्या लाकडाचे दस्ते मिळाले होते. माझी पाळी येईपर्यंत अक्रोड संपत आला होता, म्हणून मला बीच नावाच्या झाडाचं साधं, फिकट लाकूड बसवलं. याचं मला बरीच वर्षं वाईट वाटायचं. पण माझा बोल्ट बघाल तर रंग विसराल. उचला, वळवा, ओढा, पुन्हा वळवा असली कटकट माझ्याकडे नाही. सरळ मागे ओढायचा, सरळ पुढे ढकलायचा, की काम झालं.

सैन्यानं मला रीशच्या हातात दिलं तेव्हा तो विशीचा होता आणि त्याला नीट दाढीसुद्धा येत नव्हती. आमच्याकडे शिपाई घरी जातो तेव्हा त्याची रायफलही त्याच्याबरोबर घरी जाते. त्यामुळे माझं सासर म्हणजे डोंगरातलं हे खोरं. राहायला हे कपाट, शेजाराला स्की, आणि वरच्या माळ्यावर वाऱ्याला टांगलेलं, हळूहळू सुकत जाणारं गोमांस. हिवाळाभर त्याचा वास खाली येतो. मला आवडतो.

रविवारी सकाळी रीश मला खांद्याला अडकवून टपालाच्या पिवळ्या बसमध्ये चढायचा. शेजारच्या बाईच्या मांडीवर अंड्यांची टोपली, रीशच्या मांडीवर मी. बाई विचारायची ती गवत कापून झालं का एवढंच. नेमबाजीच्या मैदानावर पोचलो की चर्चची घंटा थांबेपर्यंत वाट बघायची. मग तीनशे मीटरवरच्या टार्गेटांच्या अलीकडे कुणाची गाय चरत नाही ना, ते बघायचं. आमच्या गायी गोळीबाराला अजिबात बिचकत नाहीत, आणि हाकलायला गेलं तर अपमान झाल्यासारखं बघतात.

तिथे मी माणसांचं बरंच निरीक्षण केलं. नेम चुकला की ती आधी वाऱ्याला बोल लावतात, मग काडतुसाला आणि मग मला. नेम लागला तर मात्र माझं नावसुद्धा निघत नाही. रीश त्यातल्या त्यात बरा. घरी आल्यावर मला तेल लावताना तो हळूच म्हणायचा, "चूक माझीच होती गं." अशा माणसासाठी कपाटातला अंधार सोसता येतो.

सैन्यातून मोकळा झाल्यावर त्याला मला कायमची ठेवून घेता आली. मग आमचं एकच मोठं काम उरलं, ते म्हणजे शरद ऋतूतली जुन्या रायफलींची फेरी. आमच्या गावच्या नेमबाजी मंडळाची ही खास स्पर्धा. तिचा नियम असा, की रायफल कारखान्यातून आली तशीच असली पाहिजे. एक स्क्रू बदललेला चालत नाही, दस्ता जरा तासलेला चालत नाही. बक्षीस म्हणून भरतकामाच्या पट्ट्याची गायीची घंटा मिळते. गाय नसली तरी ती घंटा प्रत्येकाला हवी असते.

ही घंटा गेली काही वर्षं रीशचा मेव्हणा तुमाश नेत होता. तुमाशची रायफल अक्रोडाची. काळपट, गुळगुळीत आणि नको तितकी शिष्ट. रॅकमध्ये माझ्याशेजारी उभी राहिली की अशी तोऱ्यात असायची, जसा काही मला खोक्याच्या फळ्यांचा दस्ता बसवलाय! आम्ही हरत होतो कारण रीशच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. पण गेल्या हिवाळ्यात त्यानं ऑपरेशन करून घेतलं. पट्टी निघाल्यावर घरी येऊन त्यानं आधी मला कपाटातून काढलं, खिडकीतून समोरच्या डोंगरावर रोखलं आणि तो मोठ्यानं ओरडला, "दिसतंय! टोकावरचा क्रॉससुद्धा दिसतोय!" मग पुटपुटला, "तुमाश, आता बघतो तुला."

आमचं असं छान ठरलं होतं. आणि त्यात उर्सीना आली.

उर्सीना ही रीशची नात. चणीनं लहान आणि तोंडानं फटकळ. आमच्याकडे मुलांना सैन्यात जावंच लागतं. मुलींवर सक्ती नाही, त्यांनी हौसेनं जायचं. उर्सीनानं डोंगरी तुकडीसाठी नाव दिलं होतं आणि उन्हाळ्यात तिचं प्रशिक्षण सुरू होणार होतं. तिला स्की येत होतं, दोर बांधता येत होता, पाठीवर ओझं घेऊन ती कुर्दीनच्या, म्हणजे तिच्या बाबांच्याही पुढे चढायची. अडचण एकच होती. चौदाव्या वर्षी मंडळाच्या वर्गात पहिल्यांदा रायफल चालवली तेव्हा धक्क्यानं तिचाच अंगठा तिच्या नाकावर आपटला होता. तेव्हापासून चाप ओढायच्या आधीच तिचे डोळे मिटायचे.

सैन्याची नवी रायफल धक्का कमी देते म्हणतात. देत असेल. पण डोळे मिटायची सवय रायफलीत नसते, ती माणसाबरोबर कुठेही जाते. उर्सीनाला हे कळत होतं. म्हणून प्रशिक्षणाआधी सरावासाठी स्वतःची अशी एक रायफल तिला हवी होती, जिच्याशी घरी रोज बसून, रिकाम्या नळीनं का होईना, ही खोड मोडता येईल.

बर्फ वितळायला लागल्यावर एका रविवारी मंडळाच्या खोलीत टेबलावर आम्हा रायफलींना ओळीनं मांडलं. कॉफी आली, अक्रोडाचा केक आला आणि सल्ले तर कुणी न मागताच आले.

कुर्दीननं त्याची स्वतःची, माझ्यापेक्षा तरुण आणि चांगलीच जाडजूड रायफल पुढे सरकवली. "ही घे. दोन पायांवर उभी राहते, जागची हलत नाही."

"बाबा, हिला मैदानावर न्यायलाच एक तुकडी लागेल," उर्सीना म्हणाली.

"मग माझी घे पोरी," तुमाश म्हणाला. "अक्रोड बघ, अक्रोड! हात फिरव जरा. तुझ्या आजोबांच्या त्या पेटीच्या फळीत काय आहे?"

"मामाआजोबा, मला नेम धरायचाय, टेबल नाही घ्यायचं."

सगळे हसले. अक्रोडबाईचा तोरा जरा उतरला. मग उर्सीनानं मला उचललं. बोल्ट एकदा ओढला, ढकलला. पुन्हा ओढला. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. खरं सांगते, इतक्या वर्षांत कुणी माझ्याकडे बघून असं हसलं नव्हतं.

"ही. हिचं वागणं सरळ आहे," ती म्हणाली.

"अगं, पण ती माझी आहे," रीश घाईघाईनं म्हणाला. "शरदात मला लागणार आहे."

"शरदात मी बराकीत असेन, आजोबा. तोवर द्या ना."

रीशनं मान डोलावली. कुर्दीन मात्र कप खाली ठेवून म्हणाला, "हे बघ उर्सीना, रायफल कुठलीही घे. डोळे मिटून गोळी मारणारा शिपाई स्वतःलाही नको असतो आणि शेजारच्यालाही. तुला वाईट वाटावं म्हणून सांगत नाही."

उर्सीनाचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. "मे महिन्यातल्या मोठ्या नेमबाजीला बघा. त्या दिवशी डोळे मिटले, तर माझं नाव मी स्वतः मागे घेईन. मग तुम्ही सांगाल त्या हॉटेलात कामाला जाईन."

असा सौदा झाला. आणि तो माझ्या जिवावर झाला.

पहिल्याच सरावाला आम्ही दोघी जमिनीवर पालथ्या झालो. तिचा गाल माझ्या दस्त्यावर होता. माणसानं डोळे मिटले की गालाचा स्नायू ताठ होतो. बाहेरून कुणाला कळो न कळो, मला लगेच कळतं. गोळी सुटायच्या आधीच तिचा गाल दगड झाला. मी धक्का दिला, अंगठा ओठावर आपटला, ओठ फुटला. दुसऱ्या गोळीलाही तेच. ती उठली तेव्हा हनुवटीवर रक्त होतं, आणि मागे उभ्या असलेल्या कुर्दीननं खिशातला रुमाल तिच्यापुढे धरला. रागावला असता तर बरं झालं असतं.

मी कपाटात परतले ती मान खाली घालून. मी कुणाला दुखवायला नको होतं, आणि तिला तर मुळीच नको होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी रीशनं उर्सीनाला बोलावलं. "हात कोपरात वाकव. असा." त्यानं माझा दस्ता तिच्या कोपराच्या खळग्यात टेकवला. "आता बोट चापाला लाव."

बोट चापापर्यंत पोचलंच नाही. दोन बोटांचं अंतर उरलं.

रीशनं त्या अंतराकडे बघितलं. सगळं तिथंच होतं. माझा दस्ता तिला लांब पडत होता, म्हणून ती मान पुढे ताणत होती. मान पुढे, म्हणजे नाक अंगठ्याजवळ. चौदाव्या वर्षी मंडळाच्या रायफलीनंही हेच केलं असणार. पोर भित्री नव्हती. आम्ही सगळ्याजणी तिला मोठ्या होत होतो, एवढंच.

"काय झालं आजोबा?" उर्सीनानं विचारलं.

"काही नाही. जेव. सूप निवतंय."

पुढचे काही दिवस रीश माझ्याशी नीट वागला नाही. कपाट उघडायचा, माझ्याकडे बघायचा, बंद करायचा. त्याच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं आणि कळून मला घाम फुटत होता, म्हणजे आम्हाला फुटला असता तर. दस्ता कापला की मी कारखान्यातून आले तशी राहणार नव्हते. जुन्यांच्या फेरीत मला कुणी दारात उभं केलं नसतं. अक्रोड नसला तरी मी अखंड होते. माझ्याकडे मिरवण्यासारखं तेवढंच होतं. आणि रीश? त्याला आत्ता कुठे दिसायला लागलं होतं.

शनिवारी सकाळी त्यानं मला लाकडांच्या खोपटात नेलं आणि लाकूड आवळायच्या शेगड्यात धरलं. दस्त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी सोडवून त्यानं पेन्सिलीनं रेघ ओढली. तेवढ्यात दारात उर्सीना आली आणि तिच्यामागे, वास काढत आल्यासारखा, तुमाश.

"आजोबा, नको!" उर्सीना धावली. "मी दुसरी बघते. मंडळाकडून मागते. हिला हात लावू नका."

"मंडळाच्या सगळ्या एवढ्याच लांब आहेत," रीश म्हणाला. "आणि त्यांना कापायला मंडळ देणार नाही. ही माझी आहे."

तुमाशला आता कुठे उलगडा झाला. तो इतका लाल झाला की मला वाटलं आता हा पडतो. "दाजी, तुम्ही शुद्धीवर आहात का? ही कापली की तुमची फेरी संपली! कायमची!"

"माहीत आहे."

"अहो, डोळे आत्ता सुधारलेत तुमचे! या वर्षी तुम्ही मला हरवणार होता!"

"म्हणजे तू कबूल करतोस तर," रीश म्हणाला.

"करतो! शंभरदा करतो! पण मग मी शरदात कुणाशी लढू? त्या बेकरीवाल्याशी? त्याला नेम धरताना पिठाची शिंक येते!" तुमाशचा आवाज चिरकला. इतकी वर्षं मी त्याला शत्रू समजत होते. माणसांच्या शत्रुत्वातलं मला काडीचंही कळत नाही, हे त्या दिवशी समजलं.

रीशनं करवत हातात घेतली. उर्सीनाकडे न बघता म्हणाला, "घंटा मी दुकानातून आणीन. तुला डोळे उघडे ठेवता आले पाहिजेत. ते कुठल्या दुकानात मिळत नाहीत."

उर्सीना रडायला लागली. आणि रडता रडताच तिनं माझी नळी घट्ट धरली. तुमाश थोडा वेळ तिथंच पाय आपटत राहिला. मग शिव्या देत पुढे आला आणि त्यानं दस्त्याला हात लावला. "सरळ धरा दाजी, सरळ! वाकडं कापून तिचा खांदा मोडाल."

दुखलं का, असं विचाराल तर हो, दुखलं. पण भुसा खाली पडायला लागला आणि मला माझ्याच लाकडाचा वास आला, ताजा, जंगलातला. इतकी वर्षं तेलाखाली तो दबून गेला होता. रीशनं काप घासून गुळगुळीत केला, लोखंडी पट्टी नव्यानं बसवली आणि मला उर्सीनाच्या खांद्याला लावलं. तिची मान जागच्या जागी राहिली. बोट चापावर अलगद येऊन बसलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्यातरी मापाची झाले.

त्यानंतर आमचा सराव जोरात सुरू झाला. रोज संध्याकाळी ती जेवणाच्या खोलीत चटईवर पालथी पडायची, मी रिकामी. चाप ओढायची, बोल्ट मागे, बोल्ट पुढे. भिंतीवरच्या एका डागावर आम्ही इतका नेम धरला की तिच्या आईनं शेवटी तिथं कॅलेंडर टांगलं. मग आम्ही कॅलेंडरवरच्या बकरीवर नेम धरायला लागलो. गाल अजून अधूनमधून ताठ व्हायचा, पण आता गोळी सुटल्यावर. हळूहळू तेही कमी झालं.

मे महिन्यातली ती सकाळ लख्ख होती. मैदानावर सॉसेज भाजत होते, आणि सगळ्या खोऱ्याची माणसं आली होती. उर्सीनाला मधली जागा मिळाली. तिच्या उजव्या हाताला तुमाश, अक्रोडबाईसकट. मागे बाकावर रीश, आणि त्याच्याशेजारी हाताची घडी घालून कुर्दीन.

आमच्याकडे टार्गेटांखालच्या खंदकात माणसं बसतात. गोळी सुटली की ती टार्गेट खाली ओढतात आणि काठीला लावलेल्या चकतीनं ती कुठे लागली ते दाखवतात. काहीच लागलं नाही तर छोटं निशाण डावीकडून उजवीकडे हलवतात. हे निशाण इतकं आनंदानं हलवलं जातं की गोळी मारणाऱ्याला खंदकात जाऊन भांडावंसं वाटतं.

उर्सीना पालथी झाली. गाल माझ्यावर टेकला. मऊ होता. तिनं श्वास घेतला, सोडला, थांबली. फार वेळ थांबली. पुन्हा श्वास घेतला, कूस जरा सावरली, आणि या सावरण्यात आम्ही किंचित उजवीकडे सरकलो. पुढे टार्गेट होतंच. टार्गेटं सगळी सारखीच. फक्त वरचा आकडा निराळा होता, आणि तो मला वाचता येत होता. मी ओरडून सांगणार होते. पण मला एकच शब्द येतो, आणि तो एकदा तोंडातून गेला की परत घेता येत नाही.

गेला.

आणि तिचा गाल हलला नाही. तुम्हाला शपथेवर सांगते, जराही हलला नाही. शेवटपर्यंत मऊच राहिला.

समोर तिचं टार्गेट खाली गेलं, वर आलं, आणि निशाण हललं. शून्य. मागे बाकांवर "अरेरे" झालं. कुर्दीननं मान खाली घातली. उर्सीनाला काहीच समजेना. "पण मी बघितलं," ती पुटपुटली. "नळीच्या टोकावरची नेमाची माशी शेवटपर्यंत बघितली." आणि ते फक्त मला ठाऊक होतं, आणि माझं तोंड पुन्हा बंद झालं होतं. एवढी असहाय मी कपाटातही कधी झाले नव्हते.

तेवढ्यात तुमाशचं टार्गेट खाली गेलं. वर आलं. चकती अगदी मधोमध टेकली.

तुमाश उठून बसला. "ओ अध्यक्षबाई! माझी रायफल आता गोळी न घालताच मारायला लागली! मी अजून काडतूस भरतोय!" त्यानं काडतुसं सगळ्यांना हात वर करून दाखवली.

मग रीश बाकावरून उठला आणि इतका हसला की त्याला कुर्दीनच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. "दुसऱ्याच्या टार्गेटवर! पोरीनं दुसऱ्याच्या टार्गेटवर मारली!"

"नियमानं शून्यच," मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, पण त्यांनाही हसू आवरत नव्हतं.

"शून्य तर शून्य," तुमाश म्हणाला. "पण डोळे मिटून कुणी दुसऱ्याच्या टार्गेटच्या मधोमध मारत नाही. काय कुर्दीन? काही बोलायचंय?"

कुर्दीन पुढे आला. लेकीशेजारी गुडघे टेकून बसला. मग म्हणाला, "वर आकडा असतो, बाळ. आधी आकडा वाचायचा." आणि तिच्या पाठीवर थोपटून म्हणाला, "बराकीत जाताना उबदार मोजे जास्त घे. माझे तिथं ओले व्हायचे."

एवढंच. पण तो त्याचा होकार होता. उर्सीनानं नाक ओढलं, आकडा वाचला, आणि पुढच्या गोळ्या आम्ही आमच्याच टार्गेटवर घातल्या. पदक मिळालं नाही, त्या शून्यानं ते खाल्लं. सॉसेज मात्र तिनं दोन खाल्ली.

उन्हाळ्यात ती पिवळ्या बसनं गेली. मला न्यायची परवानगी नव्हती. तिथं तिला सैन्याची नवी रायफल मिळणार होती. जायच्या आधी तिनं मला तेल लावलं, कपाळ माझ्या दस्त्याला टेकवलं आणि म्हणाली, "येते गं." मला आनंद झाला आणि रडूही आलं. दोन्ही एकदमच आलं.

त्या संध्याकाळी रीशनं कपाट उघडलं. घर फार शांत होतं. सवयीनं त्यानं मला उचललं, खिडकीशी गेला, समोरच्या डोंगरावर नेम धरायला मला खांद्याला लावलं. आणि जमेना. त्याचं कोपर जास्तच दुमडलं, गाल दस्त्यावरून पुढे गेला, डोळा कुठल्याच रेषेत येईना. त्यानं पुन्हा लावून बघितलं. मग हळूच खाली घेतलं. माझ्या कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवत तो म्हणाला, "गेलीस की गं तू."

मी तर त्याच्या हातातच होते. तरी तो म्हणाला ते खरं होतं.

तर असं आहे. मी आता दोन बोटं आखूड आहे, जुन्यांच्या फेरीतून बाद आहे आणि एका मुलीच्या मापाची आहे. ती शनिवारी सुटीला येते, बरोबर तिची नवी काळी रायफल असते. दोघी एकाच कपाटात उभ्या राहतो. नवी फारशी बोलत नाही. पण मी तिला कालच विचारलं, "चाप ओढताना हिचा गाल कसा असतो गं?"

ती म्हणाली, "मऊ."

मला आणखी काही नको. कपाटाचं दार तेवढं हलकेच लावा, पलीकडच्या खोलीत रीश झोपलाय.